कर्मणी प्रयोग आणि इंग्रजीतील ‘पॅसिव्ह व्हॉइस’ : एका रूढ समीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

विदर्भातील महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्षाला येणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी व्याकरणाची जी थोडी परिभाषा शाळेतून बरोबर आणतो, तीत ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ आणि ‘पॅसिव्ह व्हॉइस’ या संज्ञा हमखास असतात. पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे काय, असे विचारले असता त्याचे उत्तर ठरलेले असते : ‘कर्मणी प्रयोग’. हे उत्तर त्याने स्वतः शोधलेले नाही. शाळेतील इंग्रजीचे शिक्षक, बाजारातील मार्गदर्शिका आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांनी मिळून ते त्याच्या हाती दिलेले आहे. ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हे समीकरण चुकीचे आहे. ही चूक केवळ परिभाषेची असती तर तिच्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. परंतु तिच्यामुळे विद्यार्थ्याचे इंग्रजी बिघडते आणि पुढे त्याच वाटेने मराठीही बिघडते. विशेष म्हणजे या चुकीवरील उपाय एका शतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे आणि तो ज्या प्रांतात सिद्ध झाला त्या प्रांताची राजधानी त्या वेळी नागपूर होती.

समीकरण कोठे मोडते

‘रामाने आंबा खाल्ला’ हे शालेय व्याकरणातील चिरपरिचित वाक्य घ्यावे. येथे कर्ता तृतीयेत आहे, कर्म प्रथमेत आहे आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. म्हणून हा कर्मणी प्रयोग. मराठी व्याकरणाच्या चौकटीत हे विवेचन निर्दोष आहे. आता या वाक्याचे इंग्रजी काय होईल? ‘राम एट अ मँगो’. म्हणजे ज्या वाक्याला मराठी व्याकरण कर्मणी म्हणते, त्याचे सहज इंग्रजी रूपांतर ॲक्टिव्ह व्हॉइसमध्ये होते. समीकरण प्रामाणिकपणे पाळणारा विद्यार्थी मात्र ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ असे लिहितो. कारण वाक्य कर्मणी आहे आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. शिक्षक ते उत्तर चूक ठरवतात. विद्यार्थ्याने मात्र शिकविलेला नियमच लावलेला असतो.

‘व्हॉइस’ या कल्पनेच्या मुळाशी निवड आहे. एकच घटना दोन प्रकारे सांगता येते आणि बोलणारा त्यांपैकी एक प्रकार निवडतो. मराठीत भूतकाळातील सकर्मक क्रियापदांच्या बाबतीत अशी निवडच नाही. ‘राम आंबा खाल्ला’ असे मराठी माणूस म्हणत नाही. शिकणे, विसरणे, बोलणे यांसारखी थोडी क्रियापदे सोडली, तर भूतकाळात कर्मणी रचना ही सक्तीची आहे. वर्तमानकाळात ‘राम आंबा खातो’ म्हणणारा वक्ता भूतकाळात ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणतो, तेव्हा त्याने दृष्टिकोन बदललेला नसतो. केवळ काळ बदललेला असतो.

याचे ऐतिहासिक कारण सर्वज्ञात आहे. संस्कृतातील ‘रामेण आम्रं खादितम्’ ही कृदन्त रचना खरोखरच कर्मवाच्य होती. प्राकृतांतून येता येता हीच रचना भूतकाळाची नेहमीची रचना बनली. तिचा सांगाडा राहिला, पण कर्माला पुढे आणण्याचा तिचा अर्थ गळून गेला. आधुनिक भाषाविज्ञान अशा रचनेला ‘अर्गेटिव्ह’ म्हणते आणि ती पॅसिव्हपासून वेगळी मानते.

हा फरक कोणालाही तपासून पाहता येतो. ‘घरी येऊन रामाने आंबा खाल्ला’ या वाक्यात घरी कोण आला? राम. मराठी वाचकाला त्याविषयी शंका येत नाही. हेच वाक्य इंग्रजीत पॅसिव्हमध्ये घालून ‘कमिंग होम, द मँगो वॉज ईटन बाय राम’ असे लिहिले, तर व्याकरणाच्या हिशेबाने आंबा घरी येतो. ‘रामाने आपल्या भावाला मारले’ या भावे प्रयोगातील वाक्यातही ‘आपल्या’ हा शब्द रामाकडेच जातो. तात्पर्य, तृतीयेत असूनही राम हाच वाक्याचा धनी आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र कर्ता वाक्याच्या गादीवरून उतरतो आणि ‘बाय’ घेऊन शेवटी उभा राहतो, किंवा अजिबात दिसेनासा होतो.

नागपूर-वऱ्हाडची बोली या बाबतीत मोठी बोलकी आहे. प्रमाण मराठीत ‘मी काम केले’ म्हणताना ‘मी’ला प्रत्यय दिसत नाही. वऱ्हाडीत ‘म्या काम केलं’ असे तृतीयेचे रूप स्पष्ट उमटते. तसेच पुणेरी वळणाच्या ‘तू काम केलंस’ या वाक्यातील ‘स’ कर्त्याशी नाते सांगतो. मोरो केशव दामले यांच्या परिभाषेत तो कर्तृकर्मसंकर ठरतो. नागपुरात ‘तू काम केलं’ असे ‘स’विरहित रूप सर्रास ऐकू येते, म्हणजे येथील वाक्य दामल्यांच्या कसोटीला अधिक शुद्ध कर्मणी ठरावे. तरीही ‘म्या काम केलं’ म्हणणारा शेतकरी आपल्या कामाची जबाबदारी झटकत नसतो की स्वतःला मागे सारत नसतो. कर्मणी प्रयोग शंभर टक्के, आणि पॅसिव्हचा लवलेशही नाही!

वाच्य आणि प्रयोग

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यासमोर एका बाजूला संस्कृत व्याकरणाची परंपरा होती आणि दुसऱ्या बाजूला लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. या दोन्ही चौकटी एकाच भाषेवर बसविताना काही सांधे ढिले राहणे अपरिहार्य होते. प्रयोगविचार हा त्यांतील सर्वाधिक वादाचा विषय ठरला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून अरविंद मंगरूळकर आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांच्यापर्यंत अनेकांनी त्यावर लिहिले. दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये आले आणि प्रयोगांचे सर्वांत विस्तृत वर्गीकरण त्यात झाले. हा सर्व वाद मराठीच्या वर्गाने थोडाबहुत वाचला. इंग्रजीच्या वर्गाने मात्र त्यातील दोन संज्ञा तेवढ्या उचलल्या.

यानंतरची घटना या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जबलपूरचे कामताप्रसाद गुरु यांचे ‘हिंदी व्याकरण’ १९२० मध्ये काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने प्रसिद्ध केले. जबलपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होते. गुरुजींना मराठी येत होते आणि दामल्यांच्या ग्रंथाचा त्यांनी आपल्या व्याकरणासाठी आधार घेतला होता. हिंदीतही तीच अडचण होती. ‘लड़के ने पुस्तक पढ़ी’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण वाक्याचा अर्थ कर्तृप्रधान आहे. गुरुजींनी येथे दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या नावांनी ओळखल्या. क्रियापद कोणत्या पदाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, हा ‘प्रयोग’. आणि वाक्यात प्राधान्य कोणाला दिले आहे, हे ‘वाच्य’. त्यामुळे ‘लड़के ने पुस्तक पढ़ी’ हे कर्तृवाच्य आणि कर्मणिप्रयोग असे एकाच वेळी असू शकते. ‘पुस्तक पढ़ी गई’ हे कर्मवाच्य.

म्हणजे दामल्यांच्या मराठी व्याकरणाचा आधार घेऊन हिंदीने जो प्रश्न निकालात काढला, तो मराठी शालेय व्याकरणात तसाच राहिला. नागपूरच्या विद्यार्थ्याला हिंदी परकी नाही. शाळेत ती शिकविली जाते आणि रस्त्यावर तो ती बोलतो. हिंदीच्या तासाला वाच्य आणि प्रयोग यांतील भेद त्याच्या कानावरून गेलेला असतो. त्याच इमारतीत, पुढच्या तासाला, इंग्रजीचा शिक्षक कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे सांगतो. हे दोन तास एकमेकांशी कधी बोलत नाहीत, ही महाविद्यालयीन व्यवस्थेचीही एक उणीव मानावी लागेल. इंग्रजीच्या अध्यापकाने ‘पॅसिव्ह व्हॉइस’साठी ‘कर्मवाच्य’ हा शब्द वापरला आणि ‘कर्मणी प्रयोग’ हा शब्द मराठीच्या तासासाठी राखून ठेवला, तरी निम्मा गोंधळ नाहीसा होईल.

‘कडून’चा मार्ग

मराठीला कर्मवाच्य अपरिचित होते असे मात्र नाही. ‘करिजे’, ‘बोलिजे’ ही रूपे ज्ञानेश्वरीच्या आणि महानुभावांच्या मराठीत विपुल आहेत. व्याकरणकारांनी त्यांना पुराणकर्मणी म्हटले. ती पुढे लोप पावली. ‘जाणे’ या सहायक क्रियापदाची रचनाही केवळ इंग्रजीची देणगी म्हणता येणार नाही. हिंदीत ती अंगभूत आहे आणि मराठीतही ‘चोर पकडला गेला’ हे वाक्य कोणाला खटकत नाही. या रचनेला मराठीत स्वतःचा असा एक अर्थही आहे. ‘माझ्याकडून ते पाहिले गेले नाही’ यात पाहण्याची असमर्थता आहे. ‘मोठ्यांसमोर असे बोलले जात नाही’ यात शिष्टाचार आहे. राजेश्वरी पंढरीपांडे यांनी दक्षिण आशियाई भाषांतील कर्मवाच्य रचनांचा अभ्यास करताना सामर्थ्य-असामर्थ्याच्या या छटेकडे लक्ष वेधले आहे. इंग्रजी पॅसिव्हला ही छटा नाही.

इंग्रजीच्या प्रभावातून जे आले ते वेगळे. कर्त्याला ‘कडून’ लावून, ‘जाणे’ जोडून, कोणतीही खास छटा मनात नसताना केलेली रचना : ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. दामल्यांनी तिला नवीन कर्मणी म्हटले. शालेय पुस्तके तिला कर्मकर्तरी असेही म्हणतात. गंमत अशी की या एकाच रचनेला ‘कर्मणी’ आणि ‘कर्तरी’ ही दोन्ही नावे चिकटली आहेत आणि समीकरणवाद्यांना त्यात काही विसंगत वाटत नाही. तर्खडकरी भाषांतरमालेपासून पिढ्यान्‌पिढ्या ‘बाय’ म्हणजे ‘कडून’ हे पाठ झाले आणि वर्गातील सोय लेखनातील सवय बनली.

वस्तुतः इंग्रजीला पॅसिव्हची गरज का पडते, हे पाहिले तर मराठीत त्याची जागा कोण घेते हे आपोआप कळते. इंग्रजीत शब्दांचा क्रम पक्का आहे. कर्म वाक्याच्या आरंभी आणायचे तर क्रियापदाचे रूप बदलावे लागते. मराठीत विभक्ती असल्यामुळे नुसती जागा बदलली की काम होते. ‘धिस बुक वॉज रिटन बाय दामले’ याचे मराठी ‘हे पुस्तक दामल्यांनी लिहिले’ एवढेच आहे. ‘हे पुस्तक दामल्यांकडून लिहिले गेले’ या वाक्याने, पंढरीपांडे यांच्या निरीक्षणाचा आधार घ्यायचा तर, ते दामल्यांच्या हातून कसेबसे पार पडले असा भास होतो.

कर्ता सांगायचाच नसेल तर मराठी कर्ता गाळून क्रियापद अनेकवचनी ठेवते. ‘टी इज सोल्ड हिअर’ म्हणजे ‘येथे चहा विकतात’. ‘ऑरेंजेस आर पॅक्ड इन बॉक्सेस’ म्हणजे ‘संत्री पेट्यांत भरतात’. ‘द रोड हॅज बीन डग अप’ म्हणजे ‘रस्ता खणला आहे’. कोणी खणला, हे नागपूरकर विचारीत नाही. कित्येकदा मराठीत अकर्मक क्रियापदच पुरते. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन इंग्रजीत ‘इज हेल्ड’ असते. मराठीत ते ‘भरते’. भाषांतराच्या तासाला या चार-पाच वाटा दाखविल्या तर विद्यार्थ्याच्या हाती काही पडेल. आज त्याला एकच वाट ठाऊक आहे, आणि ती ‘कडून’ची.

इंग्रजीच्या बाजूने

समीकरणाचा दुसरा पाय इंग्रजीत अडकलेला आहे. परीक्षेतील ‘चेंज द व्हॉइस’ हा प्रश्न विद्यार्थ्याला असे शिकवितो की प्रत्येक पॅसिव्ह वाक्यात ‘बाय’ असतेच आणि ॲक्टिव्ह व पॅसिव्ह ही एकाच वाक्याची अदलाबदल करता येणारी दोन रूपे आहेत. दोन्ही गोष्टी वास्तवाला धरून नाहीत. ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच नोंदविले होते की इंग्रजी साहित्यात आढळणाऱ्या पॅसिव्ह वाक्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक वाक्यांत कर्त्याचा उल्लेख नसतो. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या व्याकरणात हे प्रमाण पाचांत चार असे दिले आहे. म्हणजे परीक्षेत सर्वाधिक विचारली जाणारी रचना प्रत्यक्ष भाषेत अल्पसंख्य आहे, आणि जी बहुसंख्य आहे ती प्रश्नपत्रिकेत अपवादानेच दिसते.

रेन आणि मार्टिन यांच्या सुप्रसिद्ध पुस्तकावर या बाबतीत सगळा दोष टाकला जातो. तो पूर्णतः न्याय्य नाही. कर्ता संदिग्ध असेल तेव्हा पॅसिव्ह श्रेयस्कर, अशी सूचना त्यात आहे. परंतु सूचना काही ओळींची आणि रूपांतराचे स्वाध्याय पुढे पानभर. विद्यार्थी स्वाध्याय सोडवितो, सूचना वाचीत नाही. शिक्षकही परीक्षेकडे पाहून शिकवितो, हे मान्य करावे लागेल.

‘बाय’ म्हणजे ‘ने’ हे एकदा ठसले की पुढील चुका क्रमाने येतात. ‘चाकूने’ याचे ‘बाय नाइफ’ होते. कारण मराठीची तृतीया कर्ता आणि साधन दोघांनाही पुरते, इंग्रजीत साधनासाठी ‘विथ’ लागते हे कोणी सांगितलेले नसते. ‘ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड’ हे वाक्य उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. हे दुसरे उदाहरण मात्र मराठीच्या माथी मारू नये. इतर अनेक भाषांच्या विद्यार्थ्यांतही ते आढळते; घटना आपोआप घडली की पॅसिव्ह वापरावे, असा तर्क शिकणारे सर्वत्र करताना दिसतात. तो तर्क चुकीचा असला तरी निर्बुद्ध नाही.

या सगळ्यावर उपाय म्हणून पॅसिव्ह टाळाच, असा उपदेश इंग्रजी लेखनाच्या मार्गदर्शकांत असतो. त्याचे मूळ जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४६ मधील निबंधात शोधले जाते. पॅसिव्हचा अतिरेक होतो ही तक्रार ज्या वाक्यात ऑर्वेल करतात, ते वाक्यच पॅसिव्हमध्ये आहे. स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या पुस्तिकेने पॅसिव्ह टाळण्यासाठी दिलेल्या चार उदाहरणांपैकी तीन पॅसिव्ह नाहीतच, हे जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. जी रचना उपदेशकांनाही नेमकी ओळखता येत नाही, ती टाळण्याचा सल्ला विद्यार्थ्याला देणे निरर्थक आहे. ‘द सोल्यूशन वॉज हीटेड’ या वाक्यात काहीही वाईट नाही. द्रावण कोणी तापविले याने निष्कर्षात फरक पडत नाही.

कर्ता कोठे गेला

फरक कोठे पडतो, हा खरा प्रश्न आहे, आणि तो केवळ इंग्रजीच्या विभागापुरता नाही. ‘चौदा नमुने वगळण्यात आले’ असे शोधनिबंधात लिहिले असेल, तर ते कोणी आणि कोणत्या निकषावर वगळले हे वाचकाला हवे असते. द्रावण तापविणे ही कृती आहे. नमुने वगळणे हा निर्णय आहे. निर्णयाला कर्ता लागतो. वैज्ञानिक लेखनात प्रथमपुरुष वर्ज्य आहे, ही समजूतही तपासून घ्यावी अशीच आहे. न्यूटन यांनी प्रकाश व रंग यांविषयीचा १६७२ चा निबंध प्रथमपुरुषी निवेदनात लिहिला. वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ मधील लेखाचे पहिले वाक्य ‘वी’ या शब्दाने सुरू होते. तो लेख ज्या ‘नेचर’ने छापला, ते नियतकालिक आज लेखकांना ॲक्टिव्ह व्हॉइसच सुचविते.

मराठीत कर्ता लपविण्याचे काम मुख्यतः ‘करण्यात येणे’ ही रचना करते. ‘कळविण्यात येते’, ‘मंजूर करण्यात आले’, ‘निदर्शनास आले आहे’. शासनव्यवहाराची मराठी १९६० नंतर घडत असताना इंग्रजी मसुद्यांतील पॅसिव्हला हा पर्याय सोयीचा वाटला. व्याकरणाच्या पुस्तकात या रचनेला धड जागा नाही. ती कर्मणीच्या कोणत्याही उपप्रकारात सहज बसत नाही. पण अर्थाने पाहता मराठीतील खरेखुरे कर्मवाच्य आज तेच आहे. ‘वस्ती हटविण्यात आली’ या बातमीत हटविणारा नाही. वाचकालाही हळूहळू तो नसल्याची सवय होते.

नागपूरच्याच इतिहासातील एक वाक्य या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांना बौद्ध धम्माची दीक्षा देण्यात आली’, असे वाक्य माहितीपर लेखनात सहज लिहिले जाते. त्यात तपशिलाची चूक नाही. परंतु त्या दिवसाचे वैशिष्ट्य असे की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून स्वतः दीक्षा घेतली आणि त्यानंतर अनुयायांना त्यांनी स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा स्वतः दिल्या. भिक्षू नसलेल्या नेत्याने आपल्या लोकांना दीक्षा देणे, हीच त्या घटनेतील ऐतिहासिक गोष्ट. ‘देण्यात आली’ या दोन शब्दांत नेमकी तीच गळून पडते. आणि ‘बाबासाहेबांकडून दीक्षा दिली गेली’ असे लिहून ती परत येत नाही. ‘बाबासाहेबांनी दीक्षा दिली’ हे वाक्य मराठी व्याकरणाप्रमाणे कर्मणी आहे. त्यातील कर्ता मात्र ठामपणे उभा आहे.

पदवीच्या प्रश्नपत्रिकेत ‘चेंज द व्हॉइस’ऐवजी असा एखादा उतारा देता येईल. वर्तमानपत्रातील सात-आठ ओळी, इंग्रजी किंवा मराठी. त्यातील कोणत्या वाक्यात कर्ता नाही, तो का नाही, तो आणला तर अर्थ किती बदलतो आणि दुसऱ्या भाषेत ते वाक्य कसे होईल, एवढेच विचारावे. असा प्रश्न तपासायला वेळ अधिक लागेल आणि आदर्श उत्तरपत्रिका तयार करणे कठीण जाईल. अभ्यास मंडळांचा त्याला आक्षेप असेल तर तो याच मुद्द्यावर असेल, व्याकरणाच्या मुद्द्यावर नसेल.